मूत्राशय काढल्यानंतर किडनी कशी सांभाळायची

मूत्राशयाच्या कर्करोगासाठी पूर्ण मूत्राशय काढण्याची शस्त्रक्रिया झाली, की नातेवाईक डॉक्टरांना दोन गोष्टी हमखास विचारतात. गाठ सगळी निघाली का, आणि पोटावरची पिशवी कायमची राहणार का? किडनीबद्दल सहसा कुणी विचारत नाही. तिला हातही लागलेला नसतो; दोन्ही किडन्या जागच्या जागी असतात, रिपोर्टात क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात वाढणारा घटक) ठीक दिसत असतं. पण कर्करोग आटोक्यात आल्यानंतरची दहा-पंधरा वर्षं कशी जातील, हे बऱ्याच अंशी किडनीवर ठरतं. आणि या रुग्णांची किडनी बिघडते ती बहुतेक वेळा न दुखता.

अभिनेते-दिग्दर्शक महेश मांजरेकर यांचं उदाहरण महाराष्ट्राला ठाऊक आहे. २०२१ मध्ये त्यांच्यावर मुंबईत मूत्राशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. ‘अंतिम’ चित्रपटाचं काम चालू असतानाच निदान झालं होतं, आणि त्याच वर्षी ट्रेलरच्या कार्यक्रमात त्यांनी स्वतः ते जाहीरपणे सांगितलं. पुढे २०२४ मध्ये त्यांनी ‘जुनं फर्निचर’ लिहिला, दिग्दर्शित केला आणि त्यात मुख्य भूमिकाही केली. लघवीचं दुखणं आपल्याकडे चारचौघांत बोललं जात नाही. एका ओळखीच्या माणसानं ते उघड बोलणं ही मोठी गोष्ट होती. शस्त्रक्रियेनंतर माणूस कामावर परततो आणि वर्षानुवर्षं जगतो, हे लोकांनी पाहिलं. म्हणूनच त्या वर्षांच्या तब्येतीचा हिशेब आधीपासून ठेवायला हवा.

पिंपरी-चिंचवडकडच्या तळवडे, रुपीनगर, त्रिवेणीनगरपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांच्या पट्ट्याला हा विषय परका नाही. मूत्राशयाच्या कर्करोगाचं सर्वांत मोठं कारण विडी-सिगारेट. धुरातली घातक रसायनं फुप्फुसातून रक्तात उतरतात, किडनी ती गाळून काढते आणि मग मूत्राशयात ती तासन्‌तास साठून राहतात. त्याखालोखाल कामाच्या जागेवरची रसायनं. फ्रँकफुर्टचे सर्जन लुडविग रेन यांनी १८९५ मध्येच रंगद्रव्यांच्या कारखान्यातल्या कामगारांत हा रोग दिसत असल्याचं मांडलं होतं. आज जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था रबर उद्योगातलं काम आणि रंगारीकाम कर्करोगकारक मानते. याचा अर्थ पेंट शॉपमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकानं धास्ती घ्यावी असा नाही. पण लघवीतून एकदाही, अगदी न दुखता रक्त गेलं, तर ‘उष्णता झाली असेल’ म्हणून सोडून देऊ नये. त्याच आठवड्यात तपासणी करून घ्यावी.

आतड्याची वाट

कर्करोग मूत्राशयाच्या स्नायूंच्या थरात शिरला असेल तर बहुधा पूर्ण मूत्राशय काढावं लागतं. पुरुषांत सोबत प्रोस्टेट जाते, स्त्रियांत अनेकदा गर्भाशयही. मग दोन्ही किडन्यांकडून येणाऱ्या मूत्रनलिकांना नवी वाट द्यावी लागते. सर्वांत रुळलेली पद्धत अशी: लहान आतड्याच्या शेवटाकडचा १५ ते २० सेंटीमीटरचा तुकडा त्याच्या रक्तपुरवठ्यासकट वेगळा करतात, त्याच्या एका टोकाला दोन्ही नलिका शिवतात आणि दुसरं टोक पोटावर, बेंबीच्या उजव्या बाजूला उघडतात. ते लालसर, ओलसर तोंड म्हणजे स्टोमा. त्यावर पिशवी बसते. दुसऱ्या पद्धतीत साधारण अर्धा मीटर आतडं उलगडून त्याचा गोल साठा बनवतात आणि तो मूळच्या मूत्रमार्गाला जोडतात. हे नियोब्लॅडर; यात बाहेर पिशवी नसते.

दोन्ही पद्धतींत आतडं मूत्राशयाचं काम करतं, आणि अडचणीचं मूळ तिथेच आहे. मूत्राशयाचं अस्तर लघवीतलं जवळपास काहीच परत रक्तात जाऊ देत नाही. आतड्याचा तर जन्मच शोषून घेण्यासाठी आहे. शिवाय मूळ नलिका मूत्राशयात तिरकी शिरते, त्यामुळे लघवी उलटी वर चढत नाही. नव्या जोडणीत ती सोय बहुधा राहत नाही.

वैद्यकशास्त्राला हे समजायला शंभर वर्षं लागली. १८५२ मध्ये लंडनला जॉन सायमन यांनी जन्मतः मूत्राशय उघडं असलेल्या एका मुलाची लघवी आतड्यात वळवली. मूल साधारण वर्षभर जगलं. पुढच्या पिढ्यांतल्या सर्जननी मूत्रनलिका थेट मोठ्या आतड्यात सोडण्याची पद्धत चालू ठेवली. तिच्यात शौचाचे जंतू किडनीपर्यंत पोचत आणि रक्त आम्लधर्मी होत जाई. १९५० मध्ये फेरिस आणि ओडेल या अमेरिकी डॉक्टरांनी अशा बहुसंख्य रुग्णांच्या रक्तात हा आम्लदोष असल्याचं दाखवलं. त्याच वर्षी यूजीन ब्रिकर यांनी लहान आतड्याच्या छोट्या तुकड्याची, लघवी साठू न देता बाहेर सोडणारी पद्धत मांडली. आज रुग्णालयात ‘पिशवीचं ऑपरेशन’ म्हणतात ते बहुतांशी ब्रिकर यांचंच. त्याने किडनीवरचं संकट पुष्कळ कमी झालं, पण टळलं नाही.

किती टळलं नाही, याचा एक मोठा हिशेब अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. १९८० ते २००६ या काळात मूत्राशय काढलेल्या सोळाशेहून अधिक रुग्णांचा त्यात अभ्यास होता. दहा वर्षांत सुमारे ७० टक्के रुग्णांची किडनीची गाळणक्षमता ठळकपणे घटली. पिशवीवाले आणि आत साठा केलेले, दोघांतही प्रमाण जवळपास सारखंच निघालं. हा आकडा भीती घालण्यासाठी नाही. यातले सगळे डायलिसिसवर गेले असं मुळीच नव्हे. बहुतेकांची घट मध्यम होती, आणि वयोमानाप्रमाणे चाळिशीनंतर प्रत्येकाचीच क्षमता वर्षाला साधारण एका अंकाने उतरत असते. महत्त्वाचं आहे ते घट वेगाने होण्यामागे काय होतं ते. नलिकेतला अडथळा, किडनीपर्यंत चढलेला संसर्ग, किडनीला आलेली सूज. यातल्या प्रत्येक गोष्टीचा शोध लागतो आणि तिच्यावर इलाज आहे.

छापील मर्यादेतला आकडा फसवतो

इथे एक आकडेमोड जवळून पाहण्यासारखी आहे. साठ वर्षांचा एक पुरुष. शस्त्रक्रियेआधी क्रिएटिनिन १.०. दीड वर्षाने १.३. लॅबच्या कागदावर मर्यादा बहुधा १.३ पर्यंत छापलेली असते, त्यामुळे दोन्ही वेळा आकड्यापुढे तारा नाही, ठळक अक्षर नाही, कुणी बोलत नाही. पण आज वापरल्या जाणाऱ्या सूत्राने याच आकड्यांवरून गाळणक्षमता काढली, जिला रिपोर्टात ‘ईजीएफआर’ म्हणतात, तर ती ८६ वरून ६३ वर आलेली दिसते. चौथ्या हिश्शाहून अधिक क्षमता गेली आणि दोन्ही रिपोर्ट ‘नॉर्मल’. क्रिएटिनिन १.६ झालं की ईजीएफआर ४९ भरतो.

म्हणून या रुग्णांनी आपला आकडा लॅबच्या मर्यादेशी नव्हे, स्वतःच्या मागच्या आकड्याशी ताडून पाहावा. घरात एक साधी वही करावी. तारीख, क्रिएटिनिन, ईजीएफआर, पोटॅशियम, बायकार्बोनेट, वजन, रक्तदाब, सोनोग्राफीत किडनीला सूज आहे का. एका ओळीत एक तपासणी. शस्त्रक्रियेआधीचा आकडा पहिल्या ओळीत लिहावा, कारण पुढचं सगळं त्याच्याशी मोजायचं आहे. हे काम घरातल्या ज्याला आकड्यांचं वावडं नाही अशा मुलीनं, सुनेनं, पुतण्यानं अंगावर घ्यावं. डॉक्टर बदलतात, फायली हरवतात, सरकारी रुग्णालयात दर वेळी नवा निवासी डॉक्टर भेटतो. वहीचं एक पान दोन मिनिटांत सगळा कल दाखवतं.

क्रिएटिनिनमध्ये आणखी एक गोम आहे. ते स्नायूंतून तयार होतं. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर आठ-दहा किलो वजन उतरलेल्या माणसाचे स्नायूही झडलेले असतात, त्यामुळे त्याचं क्रिएटिनिन आहे त्यापेक्षा बरं दिसतं. उलट नियोब्लॅडरमध्ये आतडं लघवीतलं थोडं क्रिएटिनिन परत शोषून घेतं, त्यामुळे ते किंचित वाढलेलं दिसू शकतं. शंका राहिली तर सिस्टॅटिन-सी ही वेगळी रक्ततपासणी किंवा किडनीचा डीटीपीए स्कॅन खरं चित्र दाखवतो.

नळीचा सांधा

किडनीला सर्वांत मोठा धोका असतो तो मूत्रनलिका आणि आतडं जिथे शिवलं तिथे. प्लंबर सांगतो तसं, पाइप सहसा सांध्यातच धरतो. व्रण भरताना तो सांधा आक्रसतो, बहुधा पहिल्या एक-दोन वर्षांत, कधी त्याहून उशिरा. डाव्या बाजूला हे जास्त होतं. डावी नलिका मोठ्या आतड्याच्या मागून ओढून उजवीकडे आणावी लागते. त्यात तिला ताण बसतो आणि टोकाचा रक्तपुरवठा कमी पडू शकतो.

यात घरच्यांची फसगत कशी होते ते नीट समजून घ्यावं. डावी नलिका हळूहळू बंद होत चालली तरी उजवी किडनी चालूच असते. पिशवी रोजच्यासारखी भरते. रंग स्वच्छ असतो. कंबर दुखत नाही, कारण दाब सावकाश वाढलेला असतो. क्रिएटिनिन जेमतेम दोन-तीन दशांशांनी सरकतं. अशा अवस्थेत सहा-आठ महिने गेले तर डावी किडनी कायमची निकामी होऊ शकते, आणि ते सापडतं भलत्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत. म्हणून ‘पिशवीत भरपूर येतंय’ हे किडनी ठीक असल्याचं प्रमाणपत्र समजू नये.

सोनोग्राफीत सूज दिसली म्हणजे अडथळाच आहे, असंही नाही. पिशवीच्या शस्त्रक्रियेत लघवी थोडी उलटी वर जाते, त्यामुळे दोन्ही बाजूंना हलकी सूज अनेकांत राहते. आधीच्या सोनोग्राफीपेक्षा ती वाढली आहे का, एकाच बाजूला आहे का, हे पाहायचं. खरा अडथळा ओळखायला लघवी वाढवणारं इंजेक्शन देऊन डीटीपीए किंवा तत्सम स्कॅन करतात, किंवा स्टोमातून औषध सोडून एक्स-रे काढतात. अडथळा ठरला तर आधी पाठीतून किडनीत बारीक नळी घालून दाब मोकळा करतात, मग फुग्याने सांधा रुंद करणं, स्टेंट घालणं किंवा पुन्हा शस्त्रक्रिया करून नवी जोडणी करणं, असे मार्ग आहेत. पाठीतल्या नळीला रुग्ण फार बिचकतात. पण फुगलेली किडनी वाचवायची तर हीच सर्वांत जलद वाट आहे. तिला नकार देऊन दिवस घालवू नयेत.

पस सेल्स आणि कल्चर

आतड्याच्या तुकड्यातून येणाऱ्या लघवीत चिकट पांढरे धागे दिसतात. तो आतड्याचा म्यूकस आहे, तो येणारच. लघवीचा साधा रिपोर्ट काढला तर पस सेल्स भरपूर, बॅक्टेरिया भरपूर, प्रथिनं अधिक, असं काहीबाही दिसतं. तेवढ्यावरून अँटिबायोटिकचा कोर्स घेणं चूक आहे. ताप नाही, थंडी नाही, कंबर दुखत नाही, तर त्या जंतूंना सहसा औषध लागत नाही. दर दोन महिन्यांनी गोळ्या घेत राहिलं तर कोणत्याही औषधाला न जुमानणारे जंतू घरच्या घरी तयार होतात आणि खऱ्या आजारपणात हाताशी काही उरत नाही.

कल्चर करायचंच असेल तर नमुना कुठून घेतला हे महत्त्वाचं. पिशवीच्या तळाशी साचलेली लघवी बाटलीत ओतून दिली तर तिच्यात पिशवीतलेच जंतू वाढतात. नमुना घेण्याची रीत अशी: पिशवी काढायची, स्टोमा स्वच्छ पुसायचा, निर्जंतुक बारीक कॅथेटर हलकेच आत सरकवायचा आणि ताजी लघवी थेट बाटलीत घ्यायची. हे नर्सचं काम आहे. लॅबचा माणूस घरी येऊन पिशवीतून नमुना नेत असेल, तर त्याला थांबवावं.

तापाचं मात्र उलट आहे. थंडी वाजून ताप आला, कंबरेच्या एका बाजूला दुखू लागलं, की तो किडनीपर्यंत पोचलेला संसर्ग असू शकतो. घरात पॅरासिटामॉल देऊन रात्र काढू नये. एक गोष्ट पिंपरीकरांना अधिक जवळची वाटेल. १९५४ मध्ये पिंपरीत स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सने देशाला पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन पुरवलं. असंख्य जीव त्या औषधांनी वाचले. स्ट्रेप्टोमायसिनच्याच कुळातली जेंटामायसिन, अमिकासिन ही इंजेक्शनं लघवीच्या संसर्गावर आजही सर्रास दिली जातात. ती गुणकारी आहेत, पण किडनीला जड पडू शकतात. ईजीएफआर आधीच उतरलेला असेल तर मात्रा त्या हिशेबाने बसवावी लागते. वही सोबत असावी ती यासाठीही.

थकवा, भूक आणि रक्तातलं आम्ल

आतडं लघवीतलं अमोनियम आणि क्लोराइड शोषतं आणि बायकार्बोनेट गमावतं. रक्त थोडं आम्लधर्मी होतं. चांगली किडनी हा जादाचा भार निभावते. थकलेल्या किडनीला तो झेपत नाही, आणि आम्लदोष तिला आणखी थकवतो. लघवी जितका वेळ आतड्याला लागून राहील तितकं हे जास्त, त्यामुळे नियोब्लॅडरमध्ये त्याचं प्रमाण अधिक. सुरुवातीच्या महिन्यांत नियोब्लॅडरवाल्यांच्या शरीरातून मीठही वाहून जाऊ शकतं. त्यांनी परस्पर अळणी जेवण सुरू करू नये.

लक्षणं अगदी साधी असतात. अन्नावरची वासना जाते, मळमळतं, अंगात त्राण राहत नाही, वजन उतरतं. घरचे म्हणतात, केमोचा परिणाम आहे, किंवा मनाने खचलाय. रक्तातलं बायकार्बोनेट तपासलं की उलगडा होतो. सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्यांनी अनेकांना आठवड्याभरात भूक लागू लागते, इतका फरक पडतो. स्वयंपाकघरातला खाण्याचा सोडा मात्र अंदाजाने घेऊ नये. त्यात सोडियम भरपूर आहे, रक्तदाब चढतो. आम्लदोष वर्षानुवर्षं तसाच राहिला तर हाडंही झिजतात.

वापरलेला आतड्याचा भाग ज्या टापूत असतो, त्याच टापूत बी-१२ जीवनसत्त्व शोषलं जातं. शरीरातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे कमतरता उशिरा कळते. तळवड्याला लागूनच देहू, पलीकडे आळंदी. माळ घातलेली, मांसमच्छी वर्ज्य केलेली घरं इथे पुष्कळ. शाकाहारी माणसांत बी-१२ आधीच कमी असतं, त्यात ही शस्त्रक्रिया. पायाला मुंग्या, चालताना तोल जाणं, विसराळूपणा हे सगळं वयावर ढकलू नये. वर्षातून एकदा बी-१२ तपासावं. कमी असेल तर इंजेक्शन स्वस्त आहे आणि माळेच्या आड येत नाही.

नियोब्लॅडर असेल तर घड्याळ पाळावं

नव्या साठ्याला ‘लागली’ अशी मूळची जाणीव नसते. दिवसा तीन-चार तासांनी, रात्री गजर लावून, बसून, पोटाला जोर देऊन तो रिकामा करावा लागतो. वर्षभरानंतर सवय होते आणि मग ढिलाई येते. रात्रीचा गजर बंद होतो. साठा ताणला जातो, पूर्ण रिकामा होत नाही, आत लघवी उरते, खडे धरतात, दाब वर किडनीवर जातो. लघवी केल्यानंतर आत किती उरली, हे प्रत्येक सोनोग्राफीत मोजून घ्यावं. जास्त उरत असेल तर स्वतः कॅथेटर घालून साठा रिकामा करायला शिकवतात. पहिल्या दिवशी ते अशक्य वाटतं. महिन्याभरात दात घासण्याइतकं अंगवळणी पडलेली माणसं आहेत.

शिफ्ट, ऊन आणि कंपनीतल्या गोळ्या

कामावर परतणाऱ्यांची मोठी चूक म्हणजे पाणी तोडणं. बसमध्ये पिशवी भरेल, लाइनवरून सुटी मिळणार नाही, म्हणून माणूस सकाळपासून घोटभरही पीत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात, भट्टीजवळ किंवा पत्र्याच्या शेडखाली, हेच किडनीला सर्वांत महागात पडतं. लघवी दिवसाला दोन लिटरच्या आसपास होईल इतकं पाणी हवं. हृदयविकार किंवा पायावर सूज असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं. पिशवी एक तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करावी. रात्री तिला लांब नळीची मोठी पिशवी जोडावी, म्हणजे झोपमोड होत नाही आणि लघवी मागे साचत नाही. सेफ्टी बेल्ट किंवा पॅन्टचा पट्टा नेमका स्टोमावर येत असेल तर पॅन्ट आणि पट्ट्याची पद्धत बदलावी. सुपरवायझरला सगळा इतिहास सांगायची गरज नाही, पण ‘दर दोन तासांनी पाच मिनिटं लागतात’ एवढं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह सांगून ठेवावं.

गोळ्यांचं जपावं. कंबर धरली की कंपनीच्या फर्स्ट-एड पेटीतून किंवा चौकातल्या मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन घेतलं जातं. या रुग्णांनी त्या गटाच्या गोळ्या टाळाव्यात. दुखण्यासाठी योग्य मात्रेत पॅरासिटामॉल चालतं. घटक न छापलेली भस्मं आणि ‘किडनी साफ’ करणारे काढेही नकोत. शहाळ्याचं पाणी चांगलंच, असं आपण धरून चालतो. किडनीची क्षमता बरीच उतरलेली असेल तर त्यातलं पोटॅशियम जड जातं. बाजारातल्या कमी सोडियमच्या मिठातही पोटॅशियमच असतं. डाळ-उसळ मात्र परस्पर बंद करू नये. शस्त्रक्रियेनंतर प्रथिनांची गरज असते. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी ईजीएफआर ४५ खाली गेला की कमी करावी लागते आणि ३० खाली बंद. साखर आणि रक्तदाब आटोक्यात नसतील तर बाकीची सगळी पथ्यं अपुरी पडतात. आणि विडी-सिगारेट सुटलीच पाहिजे. किडनीतल्या आणि नलिकांतल्या अस्तराला हाच कर्करोग पुन्हा धरू शकतो.

किडनीचा विचार शस्त्रक्रियेआधीच

स्नायूत शिरलेल्या कर्करोगात आधी सिस्प्लॅटिन हे औषध असलेली केमोथेरपी देण्याची पद्धत आहे. ते किडनीला त्रासदायक असल्याने ईजीएफआर साधारण ६० च्या वर असावा लागतो. थोडा कमी असेल तर मात्रा विभागून देण्याचा विचार होतो. गाठीमुळे किडनी आधीच फुगलेली असेल तर ती मोकळी करून आकडा सुधारतो का ते पाहता येतं. नियोब्लॅडर करावं का, हेही किडनी पाहून ठरतं. क्षमता बरीच कमी असेल तर पिशवीचा मार्ग सुरक्षित. म्हणून भेटीत तीन प्रश्न अवश्य विचारावेत: आज ईजीएफआर किती आहे, त्यावरून कोणतं केमो आणि कोणती वाट बसते, आणि शस्त्रक्रियेनंतर पहिली सोनोग्राफी कधी.

त्यानंतरचं वेळापत्रक डॉक्टर रुग्णागणिक ठरवतात. सर्वसाधारणपणे पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट आणि सोबत सोनोग्राफी किंवा सीटी; पुढच्या वर्षी सहा महिन्यांनी; नंतर वर्षातून एकदा, आयुष्यभर. सीटीआधी शिरेतून औषध देताना ईजीएफआर सांगावा. पाच वर्षांनी कर्करोगाचे डॉक्टर ‘आता यायची गरज नाही’ म्हणाले, तरी किडनीची तपासणी सुटता कामा नये. नेमकी इथेच बहुतेकांची साखळी तुटते.

या तपासण्यांसाठी दर वेळी मुंबईला टाटा रुग्णालयात जावं लागत नाही. रक्त आणि सोनोग्राफी तळवडे-चिखली-निगडी भागात होते. महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय पिंपरीत संत तुकारामनगरला आहे, कामगार विमा योजनेचं रुग्णालय चिंचवडला मोहननगरमध्ये. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराला विमा योजनेचं कार्ड मिळतं. पिशव्या आणि तपासण्यांपैकी काय मिळू शकतं, हे तिथे लेखी विचारावं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षण आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये आहे. शस्त्रक्रियेसाठी भरती होण्यापूर्वीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटावं.

रात्री-अपरात्री कुठल्याही रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जावं लागलं तर तिथल्या डॉक्टरला पिशवी दिसेल, पण आतली जोडणी दिसणार नाही. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवावं: मूत्राशय काढलेलं आहे, कोणत्या तारखेला, कोणत्या पद्धतीने, शेवटचं क्रिएटिनिन किती, शेवटच्या सोनोग्राफीत सूज होती का, कोणत्या औषधांची ॲलर्जी. पिशवीत चार-सहा तास लघवीच आली नाही, थंडी वाजून ताप आला, उलट्या थांबत नाहीत किंवा लघवीतून रक्ताच्या गाठी येऊ लागल्या, तर सकाळची वाट न पाहता निघावं, आणि सोनोग्राफीसोबत पोटॅशियम व बायकार्बोनेट तपासायला सांगावं.